फाशीचं मैदान, आजची बाग : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शिवपुरीच्या तात्या टोपे स्मारकाचं छायाचित्र छापलं होतं. खाली एकच ओळ होती : '१८ एप्रिल १८५९ रोजी तात्यांना येथे फाशी देण्यात आली.' त्या ओळीवर लश्कर, मुरार, शिवपुरी, एवढंच काय साताऱ्याहूनही पत्रं आली. बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. त्यांतले काही निवडून उत्तरं देत आहोत.

आम्ही पाहुण्यांना फुलबागेत राणीच्या समाधीवर नेतो आणि 'इथंच इंग्रजांनी राणीला मारलं' असं सांगतो. हीदेखील वधभूमीच म्हणायची ना?
– एक वाचक, दौलतगंज

नाही. राणी लक्ष्मीबाई लढाईत जखमी होऊन गेल्या. लढाई झाली ती कोटा की सरायच्या बाजूला. इंग्रजी कागद १७ जून १८५८ ही तारीख देतात. ग्वाल्हेरात बलिदान दिन १८ जूनला पाळतात. आज समाधी आहे तिथं बाबा गंगादासांच्या शाळेजवळ, म्हणजे साधूंच्या मठाजवळ, त्यांना अग्नी दिला गेला. म्हणजे ती दहनभूमी. पाहुण्यांना हे सांगायला एक वाक्य पुरे, आणि ते बरोबर सांगावं. खटला चालवून, हुकूम वाचून, फौज उभी करून एखाद्याला मारणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

ग्वाल्हेर शहरात तशी जागा शोधायची तर सराफ्यात जा. शिंद्यांच्या गंगाजळी खजिन्याचे खजिनदार अमरचंद बांठिया यांनी क्रांतिकारकांच्या फौजेला पैसा दिला, म्हणून २२ जून १८५८ ला सराफ्यातल्या कडुलिंबावर त्यांना फाशी दिलं, अशी शहराची आठवण आहे. तिथं त्यांचा पुतळाही आहे. पण तो बाजार. मैदान आणि पुढे त्याची बाग असं काही तिथं झालं नाही. ते पाहायला शिवपुरीच.

तात्या पकडले गेले पाडौनच्या जंगलात, लढले ग्वाल्हेरात, कानपूरशी त्यांचं नाव जोडलेलं. मग फाशी शिवपुरीलाच का? आणि ७, १५, १८ एप्रिल अशा वेगवेगळ्या तारखा का वाचायला मिळतात?
– निवृत्त शिक्षक, मुरार

तारखांचा घोळ सोपा आहे. तिन्ही बरोबर आहेत, घटना वेगळ्या आहेत. नरवरच्या मानसिंहाने एप्रिल १८५९ च्या सुरुवातीला मेजर मीडपुढे शरणागती पत्करली. त्याच्याच मदतीने ७ एप्रिलच्या मध्यरात्री नवव्या मुंबई पलटणीच्या शिपायांनी तात्यांना झोपेत धरलं. मीडचा तळ तेव्हा मुशैरीला होता. तिथं १० एप्रिलला तात्यांचं बयान उतरवून घेतलं. मग त्यांना सीप्रीला आणलं. शिवपुरीचं तेव्हाचं नाव सीप्री. शिवपुरी झालं ते माधवराव शिंद्यांच्या काळात. १५ एप्रिल, शुक्रवार, या दिवशी लष्करी न्यायालय बसलं. सोमवारी, १८ तारखेला, संध्याकाळी फाशी. धरल्यापासून अकराव्या दिवशी सगळं आटोपलं होतं.

'सीप्रीलाच का' याचं उत्तर या घाईत आहे. सीप्री ही ग्वाल्हेर कंटिंजंटची, म्हणजे शिंद्यांच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांखाली ठेवलेल्या फौजेची, जुनी छावणी. बंगले होते, कवायतीचं मैदान होतं, अधिकारी हाताशी होते. लष्करी न्यायालयाला पंच म्हणून बसायला अधिकारी लागतात आणि शिक्षेच्या वेळी उभी करायला फौज लागते. दोन्ही तिथं तयार. तात्यांना ग्वाल्हेर किंवा कानपूरपर्यंत न्यायचं तर वाटेत सुटकेचा प्रयत्न होण्याची भीती. दहा महिने ज्याने राजपुताना, माळवा, नर्मदेपलीकडचा मुलूख असा सगळीकडे इंग्रजी फौजांना फिरवलं, त्याला लांब नेण्याचा धोका कोण पत्करणार?

आरोपपत्रही बारकाईने वाचण्यासारखं आहे. कानपूरच्या कत्तलीचा त्यात आरोपच नाही. जून १८५७ ते डिसेंबर १८५८ या काळात, विशेषतः झाशी आणि ग्वाल्हेर इथं, ब्रिटिश सरकारविरुद्ध बंड करून युद्ध केलं, एवढाच आरोप. तो सिद्ध करायला साक्षीदार गोळा करावे लागत नाहीत. तात्यांनी लढाया केल्या हे तर तेही नाकारत नव्हते. त्यांचं म्हणणं असं की, काल्पी पडेपर्यंत आपण आपले धनी नानासाहेब पेशवे यांचे आणि त्यानंतर त्यांचे पुतणे रावसाहेब यांचे हुकूम पाळले. युरोपीय स्त्री-पुरुष-मुलांच्या हत्येशी आपला संबंध नाही. आमच्या मते या खटल्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. चाकर धन्याच्या हुकमाने लढला तर तो बंडखोर कसा, हा प्रश्न न्यायालयाने विचारात घेतला नाही. शिवपुरीत १७ नंबरची कोठी दाखवतात ती या खटल्याची जागा म्हणून.

फाशीच्या वेळचं वर्णन इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. गोऱ्या पलटणीसह फौज चौकोन करून उभी. मध्ये फाशीचा सांगाडा. आरोप आणि शिक्षा वाचून दाखवली. मिस्त्रीने पायांतल्या बेड्या तोडल्या. तात्या शिडी चढून गेले आणि त्यांनी गळ्यात फास स्वतःच अडकवून घेतला. देह सूर्यास्तापर्यंत तसाच टांगलेला होता. त्यानंतर आठवण म्हणून केसांची बट मिळवायला गोऱ्या बघ्यांची झुंबड उडाली. कैद्याच्या वजनावरून दोरीची लांबी ठरवण्याची पद्धत १८७० च्या दशकात रुजली; त्याआधीच्या फाश्या आखूड दोरीच्या, म्हणजे गुदमरून मरण. शाळेच्या भाषणांत 'क्षणार्धात प्राणज्योत मालवली' असं म्हणतात, ते या काळाला लागू पडत नाही.

फाशी गेले ते तात्या नव्हतेच, मानसिंहाने दुसराच माणूस दिला, असं आमच्याकडे ठामपणे सांगतात. मग स्मारकाला अर्थ काय?
– येवल्याचं माहेर असलेल्या एक वाचक, जीवाजीगंज

हा वाद जुना आहे. फाशीनंतरही तात्या अमुक ठिकाणी दिसले अशा खबरा सरकारदरबारी येत राहिल्या. तात्या १ जानेवारी १८५९ लाच लढाईत पडले, असाही एक दावा अलीकडे मांडला गेला आहे.

दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा. १० एप्रिलच्या बयानात वडिलांचं नाव पांडुरंग, मूळ ठिकाण तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पाटोदा परगण्यातलं येवलं, राहणार बिठूर, वय सुमारे ४५, नानासाहेबांच्या पदरी, असा तपशील आहे. पुढे कानपूर, काल्पी, चरखारी, झाशी, ग्वाल्हेर आणि शेवटची धावपळ क्रमाने येते. तोतयाला पढवून इतकं वदवून घेता येईल का? येईलही, पण मग तो फाशीच्या दोरापर्यंत ते सोंग का वठवील, याचं उत्तर तोतया मानणाऱ्यांनी द्यायला हवं. ते अजून पटेल असं कुणी दिलेलं नाही. आम्ही सरकारी तारीख धरतो ती एवढ्यासाठी. तुमच्या माहेरी घरात जुनी वंशावळ किंवा पत्रं असतील तर आधी त्यांचे फोटो काढून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. कागद दमट होऊन चिकटतो.

आमच्या गावाबाहेरही 'फाशीचं झाड' आहे. ती जागा खरी की ऐकीव, हे कसं ठरवायचं?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, शिंदे की छावणी

झाडापासून सुरुवात करू नका. बहुतेक लोक तिथंच फसतात. १८५७-५८ मध्ये मार्शल लॉच्या धामधुमीत झाडांवर सर्रास फाशी दिलं गेलं, त्यामुळे अशा आख्यायिका सगळ्याच खोट्या नसतात. इंदूरला अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ ला फाशी दिलं, ते आज एम. वाय. हॉस्पिटलच्या आवारात असलेल्या कडुलिंबाशी जोडलेलं आहे. पण लष्करी न्यायालय बसवून गाजावाजा करून दिलेल्या फाशीला सांगाडा उभारत. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा : शिक्षा घाईत झाली की खटला चालवून? घाईत झाली असेल तर झाड, ओढ्याकाठ, रस्त्याची कड. खटला झाला असेल तर मोकळं, सपाट, चौफेर दिसणारं मैदान. चौकोन करून पलटण उभी करायची तर एकेक बाजू शंभरेक पावलांची तरी लागते. गावात अशी जागा कवायतीच्या मैदानाशिवाय सहसा नसते.

मग कागद. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या उघडता येतं. परराष्ट्र खात्याची १८५७ ते १८६० ची प्रकरणं शोधा. इथं दोन गोष्टी नेहमी नडतात. एक, नावांची इंग्रजी स्पेलिंगं. तात्या 'टांटिया', 'तांतिया' अशा तीन-चार रूपांत येतात, शिवपुरी तर 'सीप्री' म्हणूनच सापडेल. प्रत्येक रूप वेगळं टाकून शोधा. दोन, प्रकरणावरची तारीख. कलकत्त्याला पत्र विचारात घेतलं गेलं त्या दिवसाची ती तारीख असते, घटनेची नव्हे. एप्रिलमधली घटना मे-जूनच्या गठ्ठ्यात सापडते. एप्रिलच्याच फायली चाळून 'काही नाही' म्हणून परतणारे पुष्कळ असतात.

तिसरं, नकाशा. छावणीचा जुना नकाशा मिळाला तर त्यावर कवायतीचं मैदान, दारूगोळ्याचं कोठार, गोऱ्यांचं कब्रस्तान आणि बंगल्यांचे नंबर असतात. कब्रस्तान आणि चर्च सहसा जागचे हलत नाहीत. ते दोन बिंदू धरून आजच्या उपग्रह-नकाशावर अंतरं मोजा. मग तलाठ्याकडून त्या जागेचा खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे नंबर) आणि जुन्या बंदोबस्तातली, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला तेव्हाची, नोंद काढा. 'मैदान छावणी', 'पडीक सरकार' असं काही दिसलं तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

शेवटी गावातली आठवण. ती शेवटी घ्यायची, कारण आधी घेतली तर कागदातही आपल्याला तेच दिसू लागतं. सांगणाऱ्याला 'फाशी कुठं झाली?' असं विचारू नका. 'पुतळा बसण्याआधी इथं काय होतं?' असं विचारा. रस्ता रुंद झाला की स्मारक पाच-पंचवीस पावलं सरकतं, फाटकाजवळ येतं, आणि एका पिढीत नवी जागाच 'मूळ जागा' होऊन बसते. झाडाचं वय बुंध्याच्या घेरावरून काढण्याचा उद्योग करू नका. कडुलिंबाची वाढ पाणी आणि मातीप्रमाणे इतकी बदलते की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या हुतात्मा-स्तंभावर समिती दर वर्षी ऑइलपेंट मारते. यंदा अक्षरंच दिसेनाशी झाली. ती परत वाचायची कशी, आणि रंग द्यायचा की नाही?
– मोहल्ला समितीचे सचिव, कंपू

रंग देऊ नका. आपल्याकडचा वाळूचा दगड सच्छिद्र आहे. पाया जमिनीतला ओलावा वर ओढतो आणि तो दगडाच्या अंगातून बाहेर पडतो. ऑइलपेंटने ती वाट बंद होते. ओलावा रंगाच्या मागे साठतो, त्यातले क्षार स्फटिक धरतात आणि दगडाचा वरचा पापुद्राच सोलून काढतात. अक्षरं त्याच पापुद्र्यात कोरलेली असतात. 'रंग निघाला' म्हणून तुम्ही जो तुकडा झाडून टाकता, त्याच्या पाठीला बऱ्याचदा अर्धं नाव चिकटलेलं असतं.

आधी वाचन करून घ्या, दुरुस्ती मागाहून. अंधार पडल्यावर जा. टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात, बाजूने धरा. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसणार नाही. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो घ्या, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून. चौघांत मिळून बहुतेक अक्षरं सापडतात. खडू, पीठ, राख, कोळसा यांतलं काहीही अक्षरांत भरू नका. वहीत ओळीला ओळ उतरवा, मूळच्या चुकांसकट. शंकेचं अक्षर चौकटी कंसात. शुद्धलेखन सुधारायचा मोह आवरा. 'शहिद' असं कोरलेलं असेल तर तसंच लिहा.

रंग काढायचा तर तारेचा ब्रश, सँडर, तेजाब हे सगळं वर्ज्य. तेजाबाने रंग निघतो आणि दगडात नवे क्षार जातात, म्हणजे दुखणं वाढतं. कोपऱ्यात ५ सेंटीमीटर चौरसावर जेलसारखा पेंट-रिमूव्हर लावून बघा. दगडाचा कण निघाला तर तिथंच थांबा आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायन शाखेचा सल्ला घ्या. नुसती धूळ आणि शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

सांधे उघडे पडले असतील तर सिमेंट भरू नका. सिमेंट दगडापेक्षा कडक, त्यामुळे तडा दगडाला जातो. कळीचा चुना विरवून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवा. मग एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, मापाने. भरण्याआधी सांधा ओला करा, भरल्यावर आठवडाभर ओलं पोतं टाकून ठेवा. काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात केलेला चुना दोन दिवसांत वाळतो, धरत नाही आणि बोटाने भुगा होऊन निघतो.

चबुतऱ्याभोवती पाणी तुंबतं का हेही पाहा. फरशीला बाहेरच्या बाजूस मीटरमागे दोन सेंटीमीटर उतार हवा. सांध्यात पिंपळाचं रोप आलं असेल तर ओढून उपटू नका, दगड उचकटतो. छाटा आणि मूळ मारा. नवी झाडं चबुतऱ्यापासून निदान पाच-सहा मीटर लांब. आणि अक्षरं लोकांना वाचता यावीत ही तुमची खरी गरज असेल, तर दगडाला हात न लावता शेजारी स्वतंत्र फलक उभारा : उतरवलेला मजकूर, तारीख, आणि वाचन कोणत्या वर्षी केलं ते. एवढ्याने काम भागतं. दर वर्षीच्या रंगाचा खर्चही वाचतो.

स्मारक संरक्षित यादीत असेल तर यांतलं काहीही परवानगीशिवाय करता येत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीने.

मुलांना घेऊन एका दिवसात शिवपुरी होईल का?
– गृहिणी, नई सडक

सहज. ग्वाल्हेरहून मोहना, सतनवाडा मार्गे सुमारे ११५ किलोमीटर. अडीच तास धरा. १८ एप्रिलला तिथं कार्यक्रम असतो, गर्दी आणि भाषणं पाहायची असतील तर त्या दिवशी जा. स्मारक नीट पाहायचं असेल तर त्या दिवशी मुळीच जाऊ नका. मंडप आणि हारांमागे चबुतरा दिसत नाही, आणि एप्रिलचं ऊन मुलांना सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला.

आधी १७ नंबर कोठी, मग स्मारक, हाच क्रम ठेवा. खटल्याच्या जागेवरून फाशीच्या जागेकडे गेलं की छावणी केवढी होती ते पायांना कळतं. स्मारकात पुतळ्यासमोर फोटो झाल्यावर मुलांना त्याच्याकडे पाठ करून उभं करा आणि चारी बाजूंना बघायला सांगा. पलटण कुठं उभी राहिली असेल, लोक कुठून बघत असतील, हे त्यांचं त्यांनाच सुचू द्या. जेवण डबा नेऊन. दुपारनंतर शिंद्यांच्या छत्र्या; सख्याराजे आणि माधवराव यांच्या संगमरवरी छत्र्या समोरासमोर आहेत. १८५७ मध्ये शिंदे इंग्रजांच्या बाजूला होते, म्हणजे एकाच गावात त्या लढ्याच्या दोन्ही बाजू बघून होतात.

माझं आजोळ साताऱ्याचं. गेंडामाळावर १८५७ ची फाशी झाली, असं आजोबा सांगत. अशी मैदानं आणखी कुठं आहेत? बाहेर देशांत ती कशी जपतात?
– एक वाचक, सातारा (मूळचे लश्करचे)

आजोबा बरोबर सांगत होते. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यात १७ जणांना मारलं : पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा बंदुकीने. सातारच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी यांचा मुलगा सीताराम त्यांतच. मुंबईत १५ ऑक्टोबर १८५७ ला एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. त्या मैदानावर आज क्रिकेट चालतं आणि खेळणाऱ्यांतल्या क्वचितच कुणाला हे ठाऊक असतं.

कानपूरचा नानाराव पार्क हा उलट्या दिशेचा प्रवास. १८५७ च्या कत्तलीतल्या इंग्रज बायकामुलांचे देह ज्या बीबीघरच्या विहिरीत टाकले, तिच्यावर इंग्रजांनी संगमरवरी देवदूत बसवून बाग केली आणि हिंदी माणसांना तिथं मुक्त प्रवेश ठेवला नाही. स्वातंत्र्यानंतर देवदूत चर्चच्या आवारात गेला, बागेला नानारावांचं नाव मिळालं, तात्यांचा पुतळा आला. मेलेल्या इंग्रज बायकामुलांची खूण मात्र त्या बागेतून जवळजवळ पुसली गेली. हे आम्हाला योग्य वाटत नाही. आधी एका बाजूने केलेली चूक दुसऱ्या बाजूने फिरवून केली, एवढंच.

ढाक्याचं उदाहरण जास्त बोलकं आहे. २२ नोव्हेंबर १८५७ ला लालबाग किल्ल्यात चकमक झाली आणि पकडलेल्या शिपायांना गावातल्या आंटाघर मैदानावर टांगलं. पुढल्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा तिथंच वाचला गेला आणि मैदान व्हिक्टोरिया पार्क झालं. शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, स्मारक बांधून त्याला बहादूरशाह पार्क हे नाव दिलं.

मोठ्या प्रमाणावर केलेलं काम पाहायचं तर चीनमधल्या नानजिंगचं युहुआताय. शहराच्या दक्षिण वेशीबाहेरची ही टेकडी. १९२७ ते १९४९ या काळात कुओमिंतांग या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचं सरकार कम्युनिस्टांना आणि इतर विरोधकांना इथं मारत असे. १९५० पासून तिथं स्मारक-उद्यान उभं राहू लागलं. शहर २३ एप्रिलला कम्युनिस्टांच्या हाती आलं म्हणून स्तंभाची उंची ४२.३ मीटर : चौथा महिना, तेविसावा दिवस. कैद्यांचा शिल्पसमूह १७९ ग्रॅनाइट खंडांचा आहे. संग्रहालय १९८८ चं. त्याच टेकडीवर १४०२ मध्ये मारल्या गेलेल्या फांग श्याओरू या मिंग काळच्या पंडिताची कबरही आहे, म्हणजे जागेला आधीचे थरही आहेत. तिथून आपण एक गोष्ट उचलावी. मेलेल्यांचे अंदाज हजारोंच्या घरात सांगितले जातात, पण नावगाव निश्चित झालेले दीड हजाराच्या आसपास आहेत, आणि ही मोजदाद वेगळी ठेवलेली असते. आपल्याकडे स्तंभावर 'असंख्य वीर' लिहून मोकळे होतात. दहा नावं पक्की असतील तर ती दहाच कोरा. उरलेल्यांसाठी जागा सोडा.

दिल्लीला जाणं होत असेल तर मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या आवारातलं स्मारक बघा. ती जुन्या दिल्ली तुरुंगाची जागा. मास्टर अमीरचंद, अवधबिहारी आणि भाई बालमुकुंद यांना ८ मे १९१५ ला तिथं फाशी दिलं. आवार कॉलेजचं आहे, फाटकावर विचारूनच आत जा.

शाळेत १८ एप्रिलला फाशीचा देखावा बसवतो आहोत. सांगाडा किती उंच करावा?
– एक शिक्षिका, मुरार

सांगाडा करूच नका. खोटा फास, खोटं स्टूल, मुलगा उत्साहात. अशा देखाव्यात पाय घसरून खरे अपघात झाले आहेत. गळ्याभोवती दोरी कोणत्याही गाठीची नको, सुती ओढणीसुद्धा नको.

त्याऐवजी १५ एप्रिलचं न्यायालय बसवा. पाच पंच, एक आरोप वाचणारा, एक दुभाष्या, एक तात्या, दाराशी दोन पहारेकरी. टेबल, खुर्च्या, घंटा. यापेक्षा काही लागत नाही. आरोप सावकाश वाचू द्या, मग दुभाष्याने तो मराठीत सांगायचा, मग तात्यांचं उत्तर. तीन-चार वाक्यांचंच आहे, त्यात घोषणा घुसडू नका. बारा-पंधरा मिनिटांत होतं. निकाल पंचांनी उभं राहून सांगायचा आणि पडदा. पुढचं दाखवायचं नाही, एका मुलाने तारीख आणि ठिकाण वाचायचं. तात्यांचं काम करणाऱ्याचं वय पाचवी-सहावीचं नको, आठवी-नववीचा घ्या. उत्तर पाठ करण्याआधी त्याला काल्पी आणि झाशी नकाशावर दाखवा, म्हणजे 'काल्पी पडेपर्यंत' हे शब्द तो पोपटासारखे म्हणणार नाही.